गोळीत रेणू कसे बसतात

कोविडवरच्या पॅक्सलोव्हिड या औषधाच्या नेहमीच्या मात्रेत तीन गोळ्या एकदम घ्यायच्या असतात. दोन गुलाबी, एक पांढरी. गुलाबी गोळ्यांत निर्माट्रेल्विर, प्रत्येकी १५० मिलिग्रॅम. पांढरीत रिटोनाविर, १०० मिलिग्रॅम. विषाणूला अडवण्याचं काम गुलाबी गोळ्या करतात. पांढरी गोळी यकृतातलं एक एन्झाइम रोखून धरते, त्यामुळे निर्माट्रेल्विर लगेच निकामी होत नाही आणि रक्तात पुरेसा वेळ टिकतं.

एवढं त्या औषधाबद्दल बहुतेकांनी वाचलेलं असतं. पण या गोळ्यांमध्ये आणखी एक फरक आहे आणि तो रंगापेक्षा फार महत्त्वाचा आहे. गुलाबी गोळीतलं औषध स्फटिकरूपात आहे. पांढऱ्या गोळीतलं औषध स्फटिक नाही. ते काचेसारखं आहे, म्हणजे घट्ट असूनही आतून विस्कळीत. रिटोनाविर मुद्दाम असं ठेवावं लागतं. ते का, हे समजून घ्यायला १९९८ साली या औषधाच्या बाबतीत काय घडलं ते पाहावं लागेल. आणि त्याआधी थोडं स्फटिकांबद्दल.

तेच रेणू, वेगळी बैठक

औषधाची ओळख आपण त्याच्या रेणूवरून करून देतो. रिटोनाविरच्या एका रेणूत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक मिळून ९८ अणू असतात. पण गोळीत रेणू एकटा कधीच नसतो. १०० मिलिग्रॅम रिटोनाविरमध्ये आठावर एकोणीस शून्यं लिहावी लागतील इतके रेणू असतात. एवढे सगळे एकमेकांना खेटून कसे बसले आहेत, ही माहिती रेणूच्या सूत्रात कुठेच नसते.

एक मोठा हॉल डोळ्यांसमोर आणा. माणसं ओळीने जमिनीवर बसली आहेत, सगळ्यांनी मांडी घातली आहे, प्रत्येकाचा उजवा गुडघा शेजाऱ्याच्या डाव्या गुडघ्याला टेकलेला. आता त्याच माणसांना पाय पोटाशी घेऊन, पाठीला पाठ लावून बसवा. माणसं तीच, संख्या तीच, शिस्त दोन्हीकडे आहे. पण दाटी बदलली, कोण कोणाला टेकलं आहे ते बदललं. आणि अशा रांगेतून एखाद्याला उठून बाहेर पडायचं असेल तर त्याला लागणारे कष्टही बदलले.

रेणूंच्या अशा शिस्तबद्ध, पुन्हा पुन्हा तशाच येणाऱ्या बैठकीला स्फटिक म्हणतात. एकाच पदार्थाचे रेणू दोन किंवा अधिक प्रकारांनी बसू शकत असतील तर त्याला बहुरूपता म्हणतात. सेंद्रिय पदार्थांत ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली गेली ती १८३२ मध्ये. फ्रीडरिश व्होलर आणि युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बेंझामाइडचं गरम द्रावण थंड केलं, तेव्हा आधी रेशमासारख्या बारीक सुया तयार झाल्या. तशाच राहू दिल्यावर त्या सुयांच्या जागी हळूहळू वेगळ्या आकाराचे ठसठशीत स्फटिक आले. बाहेरून काही घातलं नव्हतं, काही काढलं नव्हतं. आतल्या बैठकीची घडी तेवढी बदलली होती.

कधीकधी बैठकीत पाहुणेही असतात, बहुतेक वेळा पाण्याचे रेणू. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचूद तापवलेलं आठवत असेल. निळे खडे तापले की पांढरी भुकटी होते, कारण स्फटिकात ठरावीक जागी बसलेलं पाणी निघून जातं. औषधांतही हे सर्रास आढळतं. नागिणीवर दिल्या जाणाऱ्या असायक्लोव्हिरच्या नेहमीच्या स्फटिकात औषधाच्या तीन रेणूंमागे पाण्याचे दोन रेणू असतात. हिपॅटायटिस बी वरचं एन्टेकाव्हिर एकास एक पाणी धरून असतं. हे पाणी म्हणजे ओल नव्हे, तो रचनेचाच भाग असतो. खोलीतली हवा फार कोरडी झाली किंवा गोळी बनवताना उष्णता जास्त झाली तर ते निघून जाऊ शकतं, आणि मग उरलेली रचना वेगळीच असते.

विरघळणं म्हणजे रांगेतून उठणं

तोंडाने घेतलेलं औषध आधी पोटातल्या, आतड्यातल्या पाण्यात विरघळलं पाहिजे. विरघळलं नाही तर ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही, आल्या वाटेने बाहेर पडतं. विरघळणं म्हणजे हॉलमधल्या माणसाने रांगेतून उठून दाराबाहेर जाणं. बैठक सैल असेल तर उठणं सोपं, बैठक घट्ट असेल तर अवघड. म्हणून एकाच औषधाच्या दोन स्फटिकरूपांची द्राव्यता वेगळी असते. अनेकदा हा फरक थोडाच असतो आणि रुग्णापर्यंत पोहोचतही नाही. पण जे औषध मुळातच पाण्यात कसंबसं विरघळतं, त्याच्या बाबतीत हाच फरक रुग्णाच्या मुळावर येऊ शकतो.

इथे एक पेच आहे. सैल बैठक लवकर विरघळते, म्हणून ती आपल्याला हवीशी वाटते. पण सैल बैठक म्हणजे जास्त ऊर्जेची बैठक, आणि निसर्गाचा कल कमी ऊर्जेकडे. डोंगराच्या उतारावर एखाद्या खळगीत गोटा अडकून राहावा तसं ते रूप असतं. खाली दरी आहे, गोटा तिथे जायला हवा, पण खळगीचा काठ ओलांडल्याशिवाय तो सुटत नाही. काठ उंच असेल तर तो शंभर वर्षंही तिथेच राहील. काठ ठेंगणा असेल तर एखाद्या धक्क्याने सुटेल. पंचाईत अशी की प्रयोगशाळेत समोर आलेलं रूप खळगीतलं आहे की दरीतलं, हे त्या रूपाकडे पाहून कळत नाही. ज्याला आपण तळ समजतो, त्याच्याखाली आणखी खोल दरी असू शकते आणि ती कोणी पाहिलेली नसते.

अमेरिकी सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांनी १९६५ मध्ये असं मत मांडलं होतं की प्रत्येक संयुगाला अनेक रूपं असतात, आणि त्यातली किती सापडतात हे शोधण्यात किती वेळ आणि पैसा घातला यावर ठरतं. हे विधान पुढे या विषयात वारंवार सांगितलं गेलं. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. उलट रिटोनाविरच्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं.

१९९८

१९९६ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲबट कंपनीच्या रिटोनाविरला एचआयव्हीवरचं औषध म्हणून मंजुरी दिली. नाव नॉर्व्हिर. प्रोटिएज हे विषाणूचं एन्झाइम अडवणाऱ्या पहिल्या काही औषधांपैकी हे एक. ही औषधं इतरांच्या जोडीने द्यायला सुरुवात झाली आणि अमेरिकेत एचआयव्हीमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९६ ते १९९७ या एका वर्षात ४७ टक्क्यांनी घसरला. मरणाची तयारी करून बसलेली माणसं पुन्हा कामावर जाऊ लागली. पुढे जे झालं ते कोणत्या औषधाच्या बाबतीत झालं, हे विसरता कामा नये म्हणून हे सांगितलं.

रिटोनाविर घन अवस्थेत दिलं तर शरीर ते जवळजवळ शोषतच नव्हतं. म्हणून कंपनीने ते अल्कोहोल आणि पाणी असलेल्या मिश्रणात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरलं. दुसरा प्रकार पिण्याच्या द्रावणाचा. प्रौढ रुग्णाने दिवसातून दोनदा ६०० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येक वेळी सहा कॅप्सूल घ्यायच्या. औषध आतमध्ये विरघळलेलंच असल्यामुळे मूळ पुडीचं स्फटिकरूप कोणतं आहे यावर काटेकोर पहारा ठेवण्याची गरज तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनाही वाटत नव्हती. विकासाच्या काळात एकच स्फटिकरूप सापडलं होतं. २४० बॅच बनल्या, कशातही खोट निघाली नाही.

१९९८ च्या मध्यावर काही बॅच एका साध्या चाचणीत नापास होऊ लागल्या. या चाचणीत कॅप्सूल ठरावीक द्रवात, ठरावीक वेगाने ढवळत ठेवतात आणि किती वेळात किती औषध बाहेर येतं ते मोजतात. औषध पुरेसं बाहेर येत नव्हतं. कॅप्सूल उघडून आतला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्ष-किरणांनी तपासला, तेव्हा त्यात स्फटिक दिसले. आतापर्यंत कोणीही न पाहिलेले. रिटोनाविरचं दुसरं रूप.

या रूपाची द्राव्यता पहिल्यापेक्षा फारच कमी होती. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात, थंड तापमानाला, पहिलं रूप जितकं विरघळे त्याच्या चौथा-पाचवा हिस्साच हे विरघळत होतं. म्हणजे कॅप्सूलमधल्या द्रवात पहिल्या रूपाच्या हिशोबाने औषध आरामात मावलेलं होतं. दुसऱ्या रूपाच्या हिशोबाने मात्र त्यात मावेल त्याच्या कितीतरी पट जास्त औषध कोंबलेलं होतं. दुसऱ्या रूपाचा एक कण मिळायचा अवकाश, जास्तीचं औषध स्फटिक बनून खाली बसणारच होतं.

आणि तो कण आता सगळीकडे मिळू लागला. थोड्याच दिवसांत दुसरं रूप कारखान्यातल्या कच्च्या औषधातही दिसायला लागलं. सुरुवातीला अगदी थोडं, मग वाढत्या प्रमाणात. मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन इटलीतल्या कारखान्यात हलवलेलं होतं, तिथून आधी स्वच्छ माल येत होता. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं पथक तिथे जाऊन आलं आणि त्यानंतर तिथेही दुसरं रूप आढळलं. कपड्यांवरून, सामानावरून डोळ्यांना न दिसणारे कण गेले असावेत, असा संशय त्यातून आला.

कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रुग्णांना पिण्याच्या द्रावणावर यावं लागलं. त्यात ४३ टक्के अल्कोहोल, आणि चव इतकी वाईट की ते घोट गिळणं ही रोज दोनदा करायची शिक्षाच. एचआयव्हीच्या उपचारात मात्रा चुकणं फार महागात पडतं. औषधाची रक्तातली पातळी उतरली की विषाणूला त्याच औषधाला दाद न देणारे प्रकार तयार करायला वाव मिळतो, आणि मग ते औषध त्या माणसापुरतं कायमचं हातचं जाऊ शकतं. एका रेणूने बसण्याची ढब बदलली, त्याचा शेवट इथवर येऊन पोहोचतो. म्हणूनच हा विषय मला फक्त रसायनशास्त्राचा वाटत नाही.

नव्या मिश्रणाची मऊ जिलेटिन कॅप्सूल १९९९ मध्ये मंजूर झाली. ती थंड ठेवावी लागे.

दोन वर्षं ते रूप होतं कुठे?

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हा आहे. दुसरं रूप जास्त स्थिर होतं, दरी तिथेच होती, मग २४० बॅच बनेपर्यंत गोटा खळगीतच कसा राहिला?

उत्तर रेणूच्या अंगात आहे. रिटोनाविरचा रेणू लांब आणि लवचिक आहे, हातपाय असलेल्या माणसासारखा वळू शकतो. त्यात कार्बामेट नावाचा अणूंचा एक गट आहे. या गटाशी रेणू दोन तऱ्हेने वळू शकतो, एक ताणून पसरलेली आणि दुसरी दुमडलेली. ताणलेली तऱ्हा रेणूला आरामाची. द्रावणात बहुसंख्य रेणू तसेच असतात आणि पहिल्या रूपाच्या स्फटिकातही तसेच बसतात. दुसऱ्या रूपात ते दुमडून बसतात.

दुमडणं एकट्या रेणूला कष्टाचं आहे. पण दुमडलेले रेणू एकत्र बसले की शेजारच्या रेणूंना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पहिल्या रूपापेक्षा जास्त चांगले जुळतात. दुमडण्यात खर्च झालेली ऊर्जा या बंधांतून भरून निघते आणि वर शिल्लक राहते. हॉलच्या भाषेत सांगायचं तर ही अशी बैठक आहे की एकट्याने तसं बसून पाहिलं तर पाय भरून येतात, पण सगळेच तसे बसले तर प्रत्येकाला पाठ टेकायला मिळते. पहिला माणूस तसा का बसेल? स्फटिकाची सुरुवात व्हायला असे पुष्कळ दुमडलेले रेणू एकाच वेळी, एकाच जागी, योग्य दिशेने तोंड करून जमावे लागतात. अशी वेळ फार क्वचित येते. खळगीचा काठ उंच होता तो याच अर्थाने.

मग ती वेळ आली कशी? ॲबटच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण असं. रिटोनाविरचं थोडं विघटन होऊन एक उपपदार्थ बनतो आणि त्यातला कार्बामेट वलयात बांधलेला असतो. वलयामुळे त्याला ताणून बसण्याची मुभाच नाही, तो कायमचा दुमडलेला. अशा पदार्थाच्या कणावर रिटोनाविरचे रेणू दुमडून येऊन बसले असावेत आणि पहिली रांग तयार झाली असावी. पुढच्यांना मग फक्त शेजाऱ्याकडे बघून बसायचं होतं.

एकदा पहिली रांग जगात आली की खेळ बदलतो. संपृक्त द्रावणात दोऱ्याला बांधून सोडलेल्या मोरचुदाच्या खड्याभोवती नवा मोठा खडा वाढतो, कारण येणाऱ्या प्रत्येक कणाला बसायची जागा आयती मिळते. स्फटिक बनवण्यात अवघड असते ती सुरुवात, वाढ नव्हे. हवेत तरंगणारा धुळीएवढा कण बीज म्हणून पुरतो. त्यामुळे जिथे हे नवं रूप पोहोचलं तिथे पूर्वीच्याच पद्धतीने पूर्वीचं रूप बनवणं जमेना. अशा हरवलेल्या जुन्या रूपांना लुप्त बहुरूपं म्हणतात. रिटोनाविरचा प्रसंग घडायच्या तीन वर्षं आधी, १९९५ मध्ये, जॅक ड्युनिट्झ आणि जोएल बर्नस्टीन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी अशा उदाहरणांचा सविस्तर आढावा घेतला होता. म्हणजे इशारा होता. पण इतक्या मोठ्या, जीव वाचवणाऱ्या औषधाच्या बाबतीत तो असा खरा ठरेल ही कल्पना नव्हती.

ॲबटने पुढे पहिलं रूप खात्रीने मिळवण्याचीही पद्धत बसवली. त्यात पहिल्या रूपाचेच स्फटिक बीज म्हणून घालावे लागत.

स्फटिकच नको

आता पांढऱ्या गोळीकडे परत येऊ. रिटोनाविरची खरी अडचण अशी की त्याचं स्थिर रूप विरघळत नाही आणि विरघळणारं रूप स्थिर नाही. द्रावणात ठेवलं तर थंड ठेवावं लागतं. यातून काढलेला मार्ग असा होता की रेणूंना रांगेत बसूच द्यायचं नाही.

हॉलमध्ये लोक बसलेलेच नाहीत, जो तो वाटेल तिथे, वाटेल त्या दिशेला तोंड करून उभा आहे, अशी अवस्था म्हणजे काच. शास्त्रीय शब्द अस्फटिकी. इथून बाहेर पडणं सगळ्यांत सोपं, म्हणून अस्फटिकी औषध लवकर विरघळतं. पण ही अवस्था ऊर्जेच्या दृष्टीने सगळ्यांत वर, डोंगराच्या माथ्यावरची. उभी माणसं थकून बसायला बघणारच. त्यांना रोखायचं तर दोन गोष्टी कराव्या लागतात: हालचाल मंदावायची आणि रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवायचं.

दोन्ही कामं एक बहुवारिक, म्हणजे पॉलिमर करतो. त्याचं नाव कोपोव्हिडोन. शुद्ध अस्फटिकी रिटोनाविर पन्नास अंश सेल्सियसच्या आसपासच काचेचा ताठपणा सोडून मऊ व्हायला लागतं. हे फारच कमी आहे. उन्हात तापलेल्या बंद गाडीतलं तापमान त्याच्या पुढे जाऊ शकतं. कोपोव्हिडोन मात्र शंभर अंशांच्या वर मऊ होतं. दोन्ही एकजीव केले की मिश्रणाचं मऊ होण्याचं तापमान वर सरकतं, आणि लांबलचक पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये अडकलेल्या औषधाच्या रेणूंना एकमेकांपर्यंत पोहोचणं कठीण होतं. हॉलमध्ये माणसांच्या मध्ये खांब रोवल्यासारखं.

एकजीव करायचे कसे? प्लास्टिकच्या उद्योगात वापरतात तसं यंत्र. तापवलेल्या नळीत फिरणारे मळसूत्री दांडे मिश्रणाला वितळवत, मळत, पुढे ढकलत नेतात, बाहेर पडलेला लगदा थंड होऊन काचेसारखा घट्ट होतो, मग त्याची भुकटी करून गोळ्या दाबतात. या पद्धतीने बनलेली लोपिनाविर (एचआयव्हीवरचंच दुसरं औषध) आणि रिटोनाविर यांची एकत्र गोळी, कलेट्रा, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधीच्या कलेट्राच्या कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि दिवसाला सहा घ्यायच्या. गोळ्या चार, फ्रिजची गरज नाही, जेवणासोबतच घ्यायची अट नाही. घरात फ्रिज नसलेल्या, उष्ण प्रदेशातल्या एचआयव्हीग्रस्त माणसाच्या दृष्टीने या एका बदलाचं मोल मोजता येणार नाही. औषधाच्या रेणूत एकाही अणूचा फरक केलेला नव्हता. रिटोनाविरची स्वतंत्र १०० मिलिग्रॅमची गोळी २०१० मध्ये आली, आणि पॅक्सलोव्हिडच्या पाकिटात दिसते ती याच घराण्यातली.

निर्माट्रेल्विरच्या बाबतीत ही कसरत करावी लागली नाही. निर्मितीत ते आधी एका द्रावकाचे रेणू सोबत घेऊन स्फटिक होतं, मग त्यातून द्रावकमुक्त स्फटिकरूप मिळवतात आणि तेच गोळीत जातं.

ओल, उष्णता आणि हातोडी

स्थिरता म्हटलं की आपल्या मनात येतं ते रासायनिक बिघडणं: रेणू तुटला, पाण्याशी किंवा ऑक्सिजनशी त्याची क्रिया झाली. रिटोनाविरने दाखवलेलं बिघडणं वेगळं. रेणू शाबूत, वजन पूर्ण, शुद्धता उत्तम, आणि तरी औषध बिघडलेलं. नुसतं रासायनिक विश्लेषण केलं असतं तर सगळं ठीकठाक आलं असतं. म्हणून आता क्ष-किरणांनी पुडीची रचना तपासणं, ती हळूहळू तापवून कुठे उष्णता शोषते हे मोजणं, आर्द्रता वाढवत नेऊन ती किती पाणी ओढते हे बघणं, अशा चाचण्या नेहमीच्या झाल्या आहेत. गोळ्या पाकिटासकट ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवून पाहतात. शिवाय नेहमीच्या हवामानाच्या जवळ जाणारी दीर्घकाळची चाचणी वेगळी, त्यात सर्वांत दमट उष्ण प्रदेशांसाठी ३० अंश आणि ७५ टक्के धरतात.

काचेसारख्या औषधाचा सगळ्यांत मोठा शत्रू ओल आहे. पाण्याचे छोटे रेणू आत शिरले की ते वंगणासारखं काम करतात. अडकलेले रेणू हलायला लागतात, काच कमी तापमानाला मऊ होते, आणि स्फटिक बनायला वाट मिळते. औषधाच्या बाटलीतली ती छोटी शोषक पुडी, पाकिटाचा ॲल्युमिनियमचा थर, मूळ पाकिटातच ठेवा ही सूचना, यांची मुळं इथे आहेत. गोळ्या आधीच सोलून डबीत काढून ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्यात काय बिघडतं, असं वाटतं. काही औषधांचं बिघडतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

तेच गोळी कुटून देण्याबद्दल. कलेट्राच्या गोळ्या कुटून मुलांना दिल्या तेव्हा औषध बरंच कमी शोषलं गेल्याचं अभ्यासात दिसलं. गोळी अख्खी गिळा असं पत्रकावर लिहिलेलं असतं ते पाळलं पाहिजे. अडचण असेल तर दुसरा प्रकार उपलब्ध आहे का हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्यांना विचारावं.

शोध संपलेला नाही

१९९८ नंतर औषध उद्योगाने स्फटिकांचा शोध फार गांभीर्याने घेतला. शेकडो द्रावकं, तापमानं, थंड करण्याचे वेग यांच्या जोड्या यंत्राने तपासल्या जाऊ लागल्या. २००३ मध्ये अशाच एका मोठ्या मोहिमेत, दोन हजारांवर प्रयोगांतून, रिटोनाविरची पाच रूपं मिळाली. त्यातली तीन पूर्वी माहीत नव्हती, काहींत पाणी किंवा फॉर्मामाइड हे द्रावक सामील होतं. संगणकावर रेणूच्या संभाव्य बैठका आधीच मांडून, आपल्याकडे असलेल्या रूपापेक्षा खोल दरी कुठे असू शकते याचा अंदाज घेणंही सुरू झालं.

तरी २०२२ मध्ये संशोधकांनी रिटोनाविर वितळवून, थंड होताना त्यातून स्फटिक वाढू दिले, आणि आणखी एक नवं रूप हाती लागलं. दुसरं रूप सापडून तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. दरम्यान हे औषध जगातल्या सर्वांत बारकाईने तपासलेल्या स्फटिकांपैकी एक बनलं होतं.

आणि २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली, तीही याच रेणूबद्दल. लुप्त झालेलं म्हणून प्रसिद्ध असलेलं पहिलं रूप आणि जास्त स्थिर असलेलं दुसरं रूप, ही दोन्ही गोलकांच्या चक्कीत, म्हणजे भांड्यात कठीण गोलकांसोबत हलवून, दळून हवी तशी, पुन्हा पुन्हा मिळवता येतात. कोणतं रूप मिळेल ते दळताना काय परिस्थिती ठेवली यावर ठरतं. स्फटिक अतिसूक्ष्म झाले की त्यातले बरेचसे रेणू पृष्ठभागावर येतात, तिथे आतल्या बंधांचा हिशोब पूर्ण लागू पडत नाही, आणि कोणती बैठक जास्त स्थिर हा क्रमच उलटू शकतो. मोठ्या स्फटिकांच्या जगात जी दरी होती ती चक्कीतल्या कणांच्या जगात टेकाड बनते. दुसऱ्या रूपाची भुकटी चक्कीत घालून, योग्य परिस्थितीत दळून, पहिलं रूप बाहेर काढता येतं. १९९८ मध्ये जे मिळेनासं झालं होतं, तेच.